शक्तीचा जमाखर्च



हैदराबादचा उन्हाळा धडधाकट माणसालाही नमवतो. वैशाखात पारा चाळीस अंशांच्या वर चढला की रस्ते ओस पडतात. परंतु या शहरात अशीही काही माणसे आहेत, की हा उष्मा ज्यांच्या पायांतील बळ आणि डोळ्यांतील स्पष्टता काही काळापुरती हिरावून घेतो. मल्टिपल स्क्लेरोसिस या व्याधीने पछाडलेल्या या मंडळींनी आपला दिवस कसा आखावा, याविषयी मी आज चार शब्द बोलणार आहे.

या व्याधीचे सविस्तर वर्णन पॅरिस येथील डॉक्टर शार्को यांनी १८६८ साली केले. आपल्या मेंदूतील व मज्जारज्जूतील तंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध आवरण असते. शरीराची रक्षणव्यवस्थाच चुकून या आवरणावर हल्ला करते आणि मेंदूचे संदेश वाटेत अडखळू लागतात. मग कोणाची दृष्टी अंधुक होते, कोणाचा तोल जातो, कोणाचे पाय ताठरतात, तर कोणाला लघवी आवरत नाही. जगात सुमारे २९ लाख लोक या व्याधीसह जगत आहेत आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांच्या दुपटीहून अधिक आहे. आपल्या देशात ही व्याधी युरोपच्या मानाने विरळ आहे. पण ती बहुधा विशीपासून चाळिशीपर्यंतच्या, म्हणजे ऐन कर्तेपणाच्या वयात गाठते.

हिचे सर्वांत सामान्य लक्षण मात्र डोळ्यांना दिसत नाही. ते म्हणजे थकवा. सुलतान बाजाराकडील एखाद्या मराठी घराची कल्पना करा. सूनबाईंनी सकाळी स्वयंपाक केला, गच्चीवर कुरडया-पापडांचे वाळवण घातले आणि दुपारी त्यांना पाऊल उचलवेना. सासूबाई म्हणतात, ‘‘अगं, सकाळी तर चांगली होतीस!’’ या वाक्यात दुष्टपणा नाही, पण अज्ञान आहे. शरीराचे तापमान अर्ध्या अंशाने जरी वाढले, तरी आवरण गमावलेल्या तंतूंतून संदेश नीट जात नाहीत. जर्मन नेत्रवैद्य उठहोफ यांनी ही गोष्ट १८९० सालीच नोंदवून ठेवली. अंग निवले की बळ परत येते. तेव्हा हा आळस नव्हे, आणि दर वेळी आजार बळावला असेही नव्हे.

येथेच रुग्णाच्या स्वतःच्या कर्तव्याला आरंभ होतो. संसारात आपण पैशाचा जमाखर्च ठेवतो, तसाच शक्तीचा ठेवावा. एक साधी वही घ्यावी. केव्हा उठलो, कोणते काम केले, थकवा केव्हा आला, त्या वेळी उष्मा किती होता, झोप कशी लागली, एवढे रोज लिहावे. दोन-तीन आठवड्यांत आपली शक्ती कोठे खर्च होते ते कळू लागते. मग जड कामे सकाळच्या गारव्यात करावीत, भाजी बसून चिरावी, थकण्यापूर्वीच विसावा घ्यावा. कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याचे पडदे व कूलर उपयोगी पडतात. पावसाळ्याच्या दमट हवेत मात्र कूलरचा गारवा जाणवत नाही, तेव्हा पंखा व ओला पंचा जवळ ठेवावा. लघवीच्या भीतीने पाणी तोडणारे पुष्कळ असतात. त्याने मूत्रमार्गाचा दाह व बद्धकोष्ठ मात्र वाढतात. व्यायाम टाळावा असा सल्ला पूर्वी दिला जाई. आज झेपेल तेवढा नियमित व्यायाम हितकर मानला जातो.

या वहीचा आणखी एक मोठा उपयोग आहे. नवे लक्षण उद्भवले, किंवा जुने वाढले आणि ते २४ तासांहून अधिक टिकले, तर तो व्याधीचा नवा झटका असू शकतो. अशा वेळी डॉक्टरांना विनाविलंब कळवलेच पाहिजे. तथापि ताप अथवा मूत्रमार्गाचा दाह असला, तरी जुनी लक्षणे डोके वर काढतात. तेथे उपचार दाहावर करावयाचा असतो. हा भेद ठरविण्यास डॉक्टरांना वहीतील नोंदीइतके साहाय्य दुसऱ्या कशाचे क्वचितच होते.

अशी शिस्त एकट्याने पाळणे कठीण असते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लोरिग यांनी दीर्घ आजाराच्या रुग्णांसाठी सहा आठवड्यांचा एक वर्ग सिद्ध केला. तो चालविणारेही बहुधा स्वतः रुग्णच असत. पुढे हाच वर्ग इंटरनेटवरून चालविण्यात आला आणि २००६ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हृदय व फुप्फुसांचे विकार आणि मधुमेह असणाऱ्या त्या रुग्णांची प्रकृती वर्षानंतरही, केवळ नेहमीचे उपचार घेणाऱ्यांहून बरी आढळली. ज्याला चालणेच जड, त्याला घरबसल्या मिळणाऱ्या अशा शिकवणीचे मोल किती असेल! आदिलाबादेकडील मराठी माणसास पंजागुट्ट्याच्या निझाम वैद्यकीय संस्थेपर्यंत यावयाचे तर सुमारे ३०० किलोमीटरांचा प्रवास पडतो. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याचे नियम घालून दिले आणि अशा रुग्णांना थोडा दिलासा मिळाला. मुंबईत १९८५ साली स्थापन झालेल्या मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेची शाखा हैदराबादेतही आहे. समदुःखी माणसे भेटली की निम्मे ओझे हलके होते.

मात्र मोबाइलच्या पडद्यावर सद्गुरूही भेटतात आणि भोंदूही. ‘औषधे सोडा, आम्ही समूळ बरे करतो’ असे सांगणाऱ्यापासून दूर राहावे. ही व्याधी समूळ नाहीशी करणारे औषध आज उपलब्ध नाही. परंतु झटके कमी करणारी औषधे आहेत, आणि ती बरे वाटू लागले म्हणून सोडावयाची नसतात. स्नायूंच्या ताठरपणासाठी दिले जाणारे बॅक्लोफेन तर एकाएकी बंद केल्यास जिवावर बेतू शकते. स्वतःची काळजी स्वतः घेणे याचा अर्थ डॉक्टरांना रजा देणे असा नाही.

शेवटी घरच्या मंडळींना आणि कचेरीतील वरिष्ठांना एक विनंती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात या व्याधीचा समावेश झाला आहे. कामाच्या वेळा बदलून देणे किंवा दुपारी तासभर पडू देणे हे उपकार समजू नयेत. रुग्णाने आपल्या शक्तीचा हिशेब चोख ठेवावा. आणि आपण इतरांनी, तो ‘आज एवढेच’ म्हणाला, तर त्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा. तेवढ्याने त्याची पुष्कळशी शक्ती वाचते.