एकटीपुरतं कोण करत बसतं?

(एकट्या स्त्रियांच्या एका दिवसाच्या आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर.)



शिबिराच्या पत्रकात 'कमी पैशात वजन कसं कमी करावं' हा विषय वाचून दोघीतिघींनी मला विचारलं, की आता आपणही त्या स्लिमिंगवाल्यांच्या नादी लागलो का? प्रश्न रास्त आहे. १९९६ साली बंगळूरला विश्वसुंदरी स्पर्धा भरली तेव्हा स्त्रीसंघटना रस्त्यावर उतरल्या होत्या. बाईचं शरीर ही मापं घेऊन बाजारात मांडायची वस्तू नाही, हे आपण तेव्हा म्हटलं आणि आजही म्हणतो. पण पुढे झालं असं, की वजन हा विषयच आपण त्या बाजाराच्या हवाली करून टाकला. आपल्या बैठकांत पिशवी काढण्याच्या ऑपरेशनांबद्दल बोलणं होतं, रक्तपांढरीबद्दल होतं. गुडघा धरून जिना चढणाऱ्या बाईच्या वजनाबद्दल बोलायला मात्र आपण संकोचतो. मग ती बिचारी जाहिरातीतल्या नंबरावर फोन लावते आणि पंधरा दिवसांच्या पगाराची पावडर घेऊन येते.

म्हणून आधीच स्पष्ट करते. कुणी बारीक व्हावं असं माझं म्हणणं नाही. ज्या बाईला काही त्रास नाही, तपासण्या ठीक आहेत, तिनं कुणाच्या टोमण्यासाठी एक घास कमी करू नये. मी बोलते आहे ती साखर वाढलेल्या, रक्तदाब लागलेल्या, गुडघे बोलायला लागलेल्या बाईबद्दल. आणि त्यातही एकटीबद्दल. धुण्याभांड्याची चार घरं करणारीचा गुडघा बसला की दोन घरं सुटतात, आणि घरात दुसरी कमाई नसते. आजारी पडली तर पाणी द्यायलाही शेजारीण सवडीनं येणार. तिच्यासाठी हा पोटापाण्याचा प्रश्न आहे.

मी वस्तीत आरोग्याचं काम करते आणि स्वतः एकटी राहते. बायका वजनाची तक्रार घेऊन येतात तेव्हा मी पहिल्यांदा विचारते, काल दिवसभरात काय काय खाल्लं? उत्तर ऐकून कुणाला खादाड म्हणता येणार नाही. सकाळी चहा आणि दोन खारी. कामावर चहा, कुणी दिलं तर शिळी पोळी. दुपारी तीन वाजता भात आणि पातळ आमटी. संध्याकाळी चहा-बिस्किट. रात्री? "रात्री काही नाही हो ताई, एकटीपुरतं कोण करत बसतं? चहात पाव बुडवला आणि पडले."

हे वाक्य मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलं आहे, की माझ्या मते खरा रोग तिथे आहे. स्वयंपाक करायचा तो दुसऱ्यासाठी, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं. नवरा असताना, सासू असताना हीच बाई चार ठाव रांधत होती. नवरा गेला, नाहीतर त्यानं टाकलं, आणि तिनं स्वतःसाठी शेगडी पेटवणंच सोडलं. खाणारं माणूस उरलं नाही म्हणे! तू कोण आहेस मग?

आता हिशेब बघा. दिवसाला पाच कप चहा, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे रोज ५० ग्रॅम, महिन्याला दीड किलो. नुसत्या साखरेतून रोज २०० उष्मांक पोटात जातात आणि त्यात प्रथिनं शून्य. १०० ग्रॅम बिस्किटांत साडेचारशेच्या आसपास उष्मांक, प्रथिनं जेमतेम सहा-सात ग्रॅम. भूक मोडते आणि तासाभरात पुन्हा लागते. याउलट ५० ग्रॅम मटकीची उसळ, एक चमचा तेलात केलेली, सव्वादोनशे उष्मांकांत बारा ग्रॅम प्रथिनं देते आणि चार तास पोटाला धरून राहते. दीड किलो साखरेला साधारण सत्तर रुपये पडतात. त्यातली निम्मी साखर जरी कमी केली, तरी उरलेल्या पैशात पाव किलो मटकी येते, म्हणजे पाच दिवसांची उसळ. जास्त पैसे लागत नाहीत, पैशाची जागा बदलावी लागते. (पाच कपांवरून एकदम बिनसाखरेच्या चहावर जायला मी सांगत नाही. तो चहा म्हणजे कित्येकींची दिवसातली एकमेव विश्रांती असते. चमचा अर्धा करा, आणि पंधरा दिवसांनी कप एक कमी.)

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली २०१९ ते २१ मध्ये. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांमागे २३ जणींचं वजन जास्त निघालं, आणि शंभरात ५४ जणी रक्तपांढरीच्या. आपल्याला वाटतं या वेगवेगळ्या बायका असणार. पुष्कळदा ती एकच असते. अंगानं भरलेली दिसते म्हणून तिला अशक्तपणा असेल हे डॉक्टरच्याही लक्षात येत नाही. अशा बाईला 'कमी खा' एवढंच सांगणं म्हणजे तिचं उरलंसुरलं रक्तही काढून घेणं. उपाशी राहिलं की शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडून खातं. काटा खाली येतो, ताकद जाते, आणि खायला सुरुवात केली की वजन परत येतं. महिन्याला दीड-दोन किलोहून घाई करू नये. सत्तर किलोच्या बाईचं साडेतीन किलो उतरलं तरी साखरेत आणि रक्तदाबात फरक दिसू लागतो.

उपवासाचंही बोलायलाच हवं. श्रद्धा ज्याची त्याची, पण साबुदाण्याची खिचडी खाऊन वजन कमी होईल या भ्रमात राहू नका. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, त्यावर तूप आणि दाण्याचा कूट. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण उगीच पडलेली नाही. आणि साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरला न विचारता उपास करूच नका. साखर एकदम खाली जाते, आणि घरात दुसरं कुणी नसतं.

तर ताट कसं असावं? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली सांगितलेल्या दिवसभराच्या आहारात धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं (किंवा अंडी, मासे, मटण) ८५ ग्रॅम आणि भाज्या ४०० ग्रॅम आहेत. त्यात फळं, दूधदही, दाणेही आहेत. ते सगळं आपल्या पगारात बसत नाही, मला ठाऊक आहे. पण धान्याला डाळीचं आणि भाजीचं केवढं माप लावलंय ते बघा, आणि आपल्या ताटात पहा. भात किंवा भाकरी, दोन्ही नको. आमटी पातळ नको, डाळ दिसली पाहिजे. भाजी भाकरीइतकी. अंडं चालत असेल तर रोज एक. सोयाबीनच्या वड्या प्रथिनांच्या मानानं फार स्वस्त पडतात. ताक, बाजार उठताना स्वस्त मिळणारी पालेभाजी, दारचा शेवग्याचा पाला. तेल एकटीला महिन्याला पाऊण लिटर पुरे. एक लिटरची पिशवी फोडली की तिच्यावर तारीख घाला, चाळीस दिवस गेली पाहिजे. ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी लोणचं, पापड आणि फरसाण लांब ठेवावं.

एकटीपुरतं रांधण्याच्या अडचणी खऱ्या आहेत. फ्रीज नाही, गॅस परवडत नाही, जुडी आणली तर निम्मी सडते. आमच्या वस्तीत तिघीजणींनी यावर तोड काढली. एकीनं सकाळी कुकर लावायचा, त्यात तिघींची डाळ आणि मोडाचं कडधान्य, वेगवेगळ्या डब्यांत. दुसरीनं भाजी आणून चिरायची. भाकऱ्या ज्याच्या त्याच्या घरी. दर रविवारी हिशेब. भांडणं होतात, मिठावरून तर हमखास. पण तिघीही रात्री जेवतात. चहापावावर झोपणं बंद झालं, तेवढ्यानंच एकीची सकाळची चक्कर गेली.

चालण्याविषयी. चेन्नईच्या डॉक्टरांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसांवर केलेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी आहार सांभाळला आणि नियमित चालणं ठेवलं, त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी झालं, आणि तेही वजन फारसं उतरलेलं नसताना. (अभ्यासात पुरुषच जास्त होते, ही आपली नेहमीची तक्रार.) म्हणजे काटा हलला नाही तरी चालणं वाया जात नाही. पण दिवसभर धुणंभांडी करून आलेल्या बाईला 'व्यायाम कर' सांगताना जरा जीभ आवरावी. तिची हालचाल भरपूर होते, तिला झोप आणि जेवण हवं. शिवणयंत्रावर, दुकानात, कार्यालयात आठ तास बसणारीनं मात्र अर्धा तास भरभर चालावं. तिथेही एकटीला वेगळा जाच. पहाटे निघाली तर 'कुठे चालली' आणि रात्री निघाली तर विचारूच नका. म्हणून तिघीचौघींनी मिळून निघा. शाळेचं मैदान संध्याकाळी कुलपात असतं, ते उघडून मागा, दिवे मागा. जिमच्या फीपेक्षा हा अर्ज स्वस्त आहे.

वजन एकाएकी वाढलं असेल, केस गळतात, पाळी बिघडली, थंडी सोसत नाही असं असेल तर आधी सरकारी दवाखान्यात थायरॉइड तपासून घ्या. काही औषधांनीही वजन वाढतं. ती आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टरला विचारा. बिननावाच्या 'जडीबुटी'च्या पुड्या तर घेऊच नका.

आता रेशन. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य मिळतं, म्हणजे एकटीला पाच किलो, जानेवारी २०२३ पासून मोफत. अंत्योदय कार्डावर घराला ३५ किलो, आणि ज्यांना कुणाचा आधार नाही अशा विधवा नि एकट्या स्त्रिया त्या यादीत बसतात. भावाच्या कार्डावर नाव अडकलेलं असेल तर ते वेगळं करून घ्या. पण दोन्ही कार्डांवर मिळतं ते धान्यच. आपल्या सरकारनं २०२२ च्या दिवाळीला शंभर रुपयांत शिधा दिला, त्यात रवा, साखर, पामतेल आणि चणाडाळ. चारातली एकच वस्तू आपल्या कामाची! तामिळनाडूत २००७ पासून तूरडाळ रेशनवर सवलतीत देतात. मग इथे का नाही? सत्तरच्या दशकात मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर महागाईविरुद्ध लाटणी घेऊन निघाल्या, तेव्हा चूल पेटायचीच पंचाईत होती. आज पोट भरतं, पण पिठानं भरतं. मागणी बदलायला हवी.

रेशनवर दरमहा माणशी दोन किलो डाळ किंवा कडधान्य मिळावं, आणि एकट्या स्त्रीला स्वतंत्र कार्ड नाकारलं तर दुकानदारानं व तहसील कार्यालयानं कारण लेखी द्यावं, असा निवेदनाचा मसुदा मी केला आहे. तो बाहेर टेबलावर ठेवलाय. तिथेच शिंप्याची टेप आहे. शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध मोजा. ८० सेंटीमीटर, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या वर असेल तर आज दुपारी आपल्या डॉक्टर मैत्रिणीकडे साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. निवेदनात दोन किलो कमी वाटत असेल तर आत्ताच सांगा, जेवणाच्या सुट्टीत आकडा बदलून घेऊ.