आईवडील, माझा धर्म आणि हक्कसोडपत्र

लक्ष्मीबाई टिळकांच्या नवऱ्याने १८९५ साली बाप्तिस्मा घेतला; त्या स्वतः १९०० साली ख्रिस्ती झाल्या. मधली वर्षं कुणाच्या प्रवचनाने सरली नाहीत. आधी मनातलं सोवळंओवळं गेलं, श्रद्धा मागाहून आली.

आमच्या पासलीतही तसंच. येशूचं नाव निघालं की वडील उठून गोठ्यात जातात. आई म्हणते, “धर्माचं काढू नगं, दोन घास खा.” ऐंशीच्या घरातल्या माणसांना वाद नको असतो, लेक हवी असते. वर अग्नी कोण देणार, भावकी काय म्हणेल, हा घोर. म्हणून मी शुभवर्तमान उघडत नाही. विचारलं तर सांगते.

पण ‘बाटलीस, आता जमिनीत वाटा नाही’ म्हणत हक्कसोडपत्र पुढे केलं, तिथे मी गप्प बसले नाही. धर्म बदलला म्हणून लेकीचा वारसा बुडत नाही, हे १८५० च्या कायद्यापासूनचं आहे. अडचण पुढच्या पिढीची: धर्मांतरानंतर जन्मलेली, हिंदू नसलेली मुलं हिंदू नातेवाइकांची वारस होत नाहीत. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याचं ते कलम २६. सही मागायला येणारे हे सांगत नाहीत (बहुधा त्यांनाही ठाऊक नसतं!), तेव्हा सहीआधी कागद वकिलाला दाखवा. मी दाखवला, आणि सही केली नाही. आईने एवढंच विचारलं, “तुज्या देवाला चालतं का गं हे?”