झाडाला रंग लावताना

रस्त्याकडेच्या खोडांवरचे चुना-गेरूचे पट्टे आपण लहानपणापासून पाहत आलो. रात्री गाडीच्या उजेडात झाड दिसावं, हा त्यांचा उपयोग. हल्ली चुन्याच्या जागी ऑईलपेंट आला आहे आणि खोडांवर मोर, वाघ काढायची हौसही. हौस चांगलीच आहे. माझं भांडण आहे ते डब्यातल्या रंगाशी.

साल म्हणजे वाळकं लाकूड नव्हे. कोवळ्या फांदीवर बारीक, फुगीर ठिपके दिसतात, ती वातरंध्रं. त्यांतून आतल्या जिवंत पेशींना हवा मिळते. पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातूनच मुळांकडे उतरतं. ऑईलपेंट सुकून त्याचा पापुद्रा होतो आणि ही रंध्रं बुजतात. एका पट्ट्यानं झाड मरत नाही, हे खरं. पण दरसाल थरावर थर चढवले, तर कोवळ्या झाडाला ते बाधतं. त्याहून वाईट म्हणजे चित्र गुळगुळीत यावं म्हणून खोड तासणं. साल चहूबाजूंनी खोलवर निघाली, की मुळं उपाशी मरतात.

खोडाला लेप कसा द्यावा, हे शिकायला लांब जायला नको. काटोल-नरखेडकडचे संत्रा बागायतदार डिंक्या रोग आवरायला पावसाळ्याआधी आणि नंतर खोडाला बोर्डो मलम लावतात. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवायचं, तेही प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात, कारण मोरचूद लोखंड खातं. एकत्र केल्यावर त्यात विळ्याचं पातं बुडवायचं. पात्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला. तसंच लावलं तर साल पोळते. हे औषध आहे, चित्रासाठी मुलांच्या हाती द्यायचं नाही. पण चित्राचा रंग आपण कधी इतका पारखून घेतो का?

चित्रासाठी भिजवून, निववून, गाळलेला चुना घ्या. लाल रंगाला गेरू आहे. वारली चित्रकार गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं रेघ ओढतात, आणि आपण तर धानाच्या मुलखातले. चिकटपणाला बाभळीचा थोडा डिंक पुरे. कॉन्स्टंटिन दिमोपुलोस हा कलावंत 2011पासून शहराशहरांत झाडं निळी रंगवतो, तीही पाण्यात कालवलेल्या, काही महिन्यांत उतरणाऱ्या रंगानं. पहिल्या पावसात चित्र धुऊन गेलं तर हळहळू नका. जिवंत झाडावरच्या चित्राचं आयुष्य एका हंगामाचंच असावं, असं माझं ठाम मत आहे.

जाड सालीचा जुना आंबा किंवा चिंच निवडा. रोपं, जखमा, ओला डिंक गळणारी जागा सोडा. खोडाची एकच बाजू रंगवा. अर्जुनाच्या सालीचे पापुद्रे सुटतात, तिथे मेहनत वाया जाईल. झाड रस्त्याचं असेल तर आधी ग्रामपंचायतीला किंवा बांधकाम विभागाला विचारा.

आणि ऑईलपेंटचा डबा घरात आधीच आणून ठेवला असेल, तर तो दाराखिडक्यांना वापरा.