संगणकाचे गणित : आधी मोजमाप, मग सुधारणा

(सांख्यिकी कर्मचारी व शिक्षक यांच्यासमोर झालेल्या भाषणातील भाग)



घरोघर फिरून भरलेल्या तक्त्यांची बेरीज-सरासरी आज संगणक करतो. परंतु तक्ते मोठे झाले की तेच यंत्र तासन्‌तास अडून बसते आणि नव्या यंत्राच्या मागणीची टिपणी वर जाते. दोष मात्र पुष्कळदा यंत्राचा नसून त्याला दिलेल्या आज्ञावलीचा असतो.

तो कोठे आहे, हे अंदाजाने ठरवू नये. अमेरिकेतील संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांनी १९७१ साली फोर्ट्रान भाषेतील आज्ञावल्यांची पाहणी प्रसिद्ध केली. आज्ञावलीच्या शेकडा ४ हूनही कमी भागात सामान्यतः निम्म्याहून अधिक वेळ खर्च होतो, असे तीत आढळले. उरलेल्या ९६ भागांवर डोके शिणवून हाती काय लागणार?

न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी रचलेल्या 'आर' या सांख्यिकीच्या भाषेत 'आरप्रॉफ' नावाचे मापनसाधन आहे. ते ठराविक क्षणांनी कोणते काम चालू आहे याची नोंद घेते. नोंदी मोजल्या की वेळखाऊ जागा उघड होते. कित्येकदा ती एका ओळीतच सापडते : प्रत्येक नवा आकडा जोडताना सबंध यादी नव्याने करणे. जणू एका विद्यार्थ्याचे नाव चढविण्यासाठी गुरुजींनी अख्खा हजेरीपट पुन्हा लिहून काढावा! एक लाख आकड्यांची यादी अशी वाढविल्यास जुन्या आकड्यांच्या सुमारे ५०० कोटी नकला होतात. लाख आकड्यांची जागा आधीच राखून ठेवली की हा खटाटोप टळतो.

वेगापायी उत्तर मात्र बिघडता कामा नये. आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत, ते प्रचरणाने कळते. त्यासाठी आधी सरासरी व मग फरकांचे वर्ग, असे दोनदा वाचन लागते. वर्गांच्या बेरजेतून वजाबाकी करण्याची जवळची वाट एकाच वाचनात संपते; पण १०,००,००,००१, १०,००,००,००२ व १०,००,००,००३ यांचे नमुना-प्रचरण १ असताना त्या वाटेने ते १ येत नाही. वर्गांची बेरीज १७ अंकी होते आणि नेहमीच्या दुहेरी अचूकतेत शेवटचा अंक निसटतो. लहान संख्यांवर ही चूक दिसत नाही. म्हणून हाताने सोडविलेला मोठ्या संख्यांचा तक्ता जुन्या व नव्या दोन्ही आज्ञावल्यांना देऊन उत्तरे ताडावीत. घड्याळाकडे त्यानंतर पाहावे.

एका वाचनाची बचतही सोडावी लागत नाही. प्रत्येक आकड्यागणिक सरासरी सुधारत जाण्याची रीत बी. पी. वेलफर्ड यांनी १९६२ सालीच दिली असून वरील तीन संख्यांचे उत्तर तीत बरोबर १ येते.