वेडी ठरविलेल्या बाईची साक्ष



आज ज्या पुस्तकाविषयी मी आपणांशी बोलणार आहे ते आपल्या धम्माचे नाही, आपल्या देशाचे नाही आणि आपल्या भाषेतलेही नाही. ते एका आयरिश गायिकेचे आत्मचरित्र आहे. शिनेड ओकॉनर हे तिचे नाव. पुस्तकाचे नाव ‘रिमेंबरिंग्ज’, म्हणजे आठवणी. ते २०२१ साली प्रसिद्ध झाले आणि दोनच वर्षांनी, २६ जुलै २०२३ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी ती लंडनमध्ये वारली. नुकत्याच धम्मात आलेल्या कुटुंबांनी एका पाश्चात्त्य गायिकेची हकीकत कशासाठी ऐकावी, असे आपणांस वाटेल. हे पुस्तक म्हणजे एक साक्ष आहे, एवढेच माझे उत्तर. साक्षीदाराला वेडा म्हणावयाचे आणि त्याची साक्ष उडवून लावावयाची, ही रीत जगात सर्वत्र चालते. तिचा अनुभव आपल्याइतका दुसऱ्या कोणास असणार?

डब्लिन शहरात १९६६ साली तिचा जन्म झाला. घर शिकलेले, वडील इंजिनिअर. त्या घरात आई मुलांना मारी. हे मारणे म्हणजे रागाच्या भरात एखादा हात उचलणे नव्हे. आपण कोणीच नाही, असे त्या मुलीच्या तोंडून पुनःपुन्हा वदवून घेण्याचे ते मारणे होते. बालवाडीत असताना अंगाचे सर्वांत लहान मुटकुळे करून दाखविल्याबद्दल तिला बक्षीस मिळाले. ही कला पोर कोठे शिकली, हे शिक्षिकेला कधी कळले नाही. पुढे मोठ्या शाळेत गेल्यावर हॉकीची काठी हरवली असे ती खोटेच सांगत असे. कारण काठी घरी नेली की तिनेच मार बसेल, हे तिला ठाऊक होते.

न्यायालयात अनेक वर्षे मी साक्षी ऐकत आलो आहे. खरी साक्ष मोठमोठ्या शब्दांनी ओळखता येत नाही. ती अशा काठीने ओळखावी लागते. रचून बोलणाऱ्यास ती काठी सुचत नाही.

येथे कायद्याचा थोडा विचार केला पाहिजे. आई-वडील विभक्त झाले. वडिलांनी न्यायालयात जाऊन मुलांचा ताबा मिळविला. त्या काळी त्या देशात बापाला ताबा मिळणे ही दुर्मिळ गोष्ट होती. परंतु घटस्फोट? तो आयर्लंडच्या १९३७ च्या संविधानानेच निषिद्ध केला होता. १९८६ साली लोकांचे मत घेतले, तेव्हा लोकांनी बंदी कायम ठेवली. १९९५ साली जेमतेम नऊ हजार मतांच्या फरकाने ती उठली. पुढे बॅरिस्टर झालेले तिचे वडील घटस्फोटाच्या हक्कासाठी झगडणाऱ्या संघटनेचे अध्यक्षही होते. आता आपल्याकडे पाहा. हिंदू कोड बिल रखडविले म्हणून परमपूज्य बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला, आणि १९५५ च्या विवाह कायद्याने जो घटस्फोटाचा हक्क आला तो बौद्धांनाही लागू आहे. ज्या देशाला आपण पुढारलेला समजतो त्याच्या चाळीस वर्षे आधी आपल्या भगिनींच्या हाती हा हक्क आला. तो कोणामुळे आला, हे लेकींना सांगत चला.

किशोरवयात तिला चोरीची खोड लागली. ती खोडही आईनेच लावलेली, धर्मादाय पेट्यांतून पैसे काढावयास शिकवून. तेव्हा तिला डब्लिनमधील ननांच्या एका संस्थेत ठेवण्यात आले. त्याच आवारात ‘मॅग्डलीन धुलाईघर’ होते. घराण्याला काळिमा लावला असे ठरविलेल्या मुलींना अशा धुलाईघरांत कोंडून त्यांच्याकडून विनावेतन कपडे धुऊन घेत. सरकारी चौकशीप्रमाणे १९२२ ते १९९६ या काळात सुमारे दहा हजार स्त्रिया व मुली त्यांत गेल्या; २०१३ साली त्या देशाच्या पंतप्रधानांनी संसदेत त्यांची माफी मागितली. शिनेडला एकदा शिक्षा म्हणून म्हाताऱ्या, मरणाला टेकलेल्या बायकांच्या दालनात निजावयास धाडले. त्या म्हाताऱ्या म्हणजे धुलाईघरातच आयुष्य गेलेल्या मुली, हे तिला मागाहून उमगले. मात्र तेथल्याच एका ननने तिला गिटार घेऊन दिली, हेही ती तितक्याच मोकळ्या मनाने सांगते. विरुद्ध पक्षाचे चांगले तेही सांगणारा साक्षीदार मला नेहमीच अधिक भरवशाचा वाटतो.

कीर्तीविषयी फार बोलावयास नको. ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीच्या साहेबांनी केस वाढव, बायकी पोशाख कर, असे सुचविले, तेव्हा तिने डोकेच भादरून घेतले. आपल्या प्रांतात उच्चवर्णीय विधवांचे केस जबरीने उतरवीत. येथे एका मुलीने आपले रूप विकावयाचे नाही म्हणून स्वतः उतरविले. १९९० साली ‘नथिंग कम्पेअर्स टू यू’ या गाण्याने ती जगभर गाजली. पैसा आला, नाव झाले. मुटकुळे करून बसलेली पोर मात्र आत तशीच होती.

३ ऑक्टोबर १९९२ रोजी अमेरिकेतील दूरचित्रवाणीवर ती गावयास उभी राहिली. गाणे बॉब मार्लीचे. त्याचे शब्द इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी यांनी १९६३ साली संयुक्त राष्ट्रसंघात वर्णभेदाविरुद्ध केलेल्या भाषणातून आलेले. तिने त्यात मुलांवरील अत्याचाराचा उल्लेख घातला आणि गाणे संपताच पोपची तसबीर कॅमेऱ्यासमोर फाडली. ही तसबीर बाजारातून आणलेली नव्हती. आई १९८५ साली मोटार अपघातात वारली, तेव्हा आईच्याच भिंतीवरून तिने ती काढून घेतली होती. घरातील मार आणि धर्मपीठाचे मौन यांचा एकमेकांशी संबंध आहे, हे तिला त्या कृतीने सांगावयाचे होते.

जगाने काय केले? तिच्या ध्वनिमुद्रिका रस्त्यावर रूळ फिरवून चिरडल्या. तेरा दिवसांनी न्यूयॉर्कच्या भरल्या सभागृहात तिची हुर्यो उडविली. ती वेडी आहे, असा निवाडा झाला. पुढे २००९ साली आयर्लंडमध्ये दोन मोठे चौकशी अहवाल बाहेर आले. धर्मसंस्थांनी चालविलेल्या शाळांत व अनाथगृहांत मुलांचा छळ किती वर्षे चालला होता, आणि डब्लिनच्या धर्मप्रांताने तक्रारी कशा दडपल्या, हे त्यांत लिहिले गेले. वेडी बाई सतरा वर्षे आधी हेच सांगत होती. तसबीर फाडल्याने आपले आयुष्य रुळावरून घसरले असे लोक म्हणतात, उलट ते त्यामुळेच रुळावर आले, असे तिने पुस्तकात लिहिले आहे.

एक गोष्ट वकील या नात्याने सांगून ठेवतो. दीक्षेनंतर आपण आपल्या घरच्या भिंतीवरील तसबिरी उतरविल्या. तो आपला अधिकार होता. दुसऱ्याच्या श्रद्धास्थानाची चारचौघांत विटंबना करणे हा निराळा विषय आहे. त्याला कायद्यात शिक्षा आहे आणि आपल्या शीलांत त्याला जागा नाही. तिचे धैर्य घ्या; कृतीची नक्कल करू नका.

आता आजाराकडे वळू. तो तिने लपविलेला नाही. डॉक्टरांनी निरनिराळ्या काळी निरनिराळी निदाने केली. डब्लिनच्या मनोरुग्णालयात तिने अनेक महिने काढले. २०१५ साली गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर मन कोसळले, आणि मधल्या कित्येक गोष्टी आठवत नाहीत, असे ती स्वतःच कबूल करते. मग कोणी म्हणेल, ज्या बाईला धड आठवत नाही तिच्या बोलण्याचा भरवसा काय? कायदा असे म्हणत नाही. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात ११८ वे कलम होते. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियमाचे १२४ वे कलम आले आहे. त्याचा आशय असा की, विचारलेला प्रश्न समजून सरळ उत्तर देता येत असेल तर लहान मूलही साक्ष देऊ शकते आणि मनोरुग्णही देऊ शकतो. केवळ आजारी आहे म्हणून कोणाचे तोंड बंद करता येत नाही. जी गोष्ट इंग्रजांच्या काळापासून कायद्याला मान्य आहे ती आपल्या घरांना अद्याप मान्य व्हावयाची आहे.

आणि कायद्याच्याही किती आधी तथागतांनी हे करून दाखविले! पटाचारेची कथा आपण विहारात ऐकली असेल. नवरा सर्पदंशाने गेला, दोन्ही लेकरे गेली, आई-बाप व भाऊ घर कोसळून गेले. दुःखाने तिचे भान सुटले. अंगावर वस्त्र नाही अशा स्थितीत ती श्रावस्तीत फिरू लागली. लोक तिला हुसकावून लावीत. जेतवनात ती आली तेव्हा तेथेही लोक तिला अडवू लागले. भगवंतांनी तिला येऊ द्यावयास सांगितले. भगिनी म्हणून तिला हाक मारली, भानावर ये म्हटले. एकाने आपले उपरणे तिच्या अंगावर टाकले. तिचे दुःख तथागतांनी प्रथम ऐकून घेतले, उपदेश नंतर केला. हीच पटाचारा पुढे भिक्षुणी संघात विनय जाणणाऱ्यांमध्ये अग्रगण्य ठरली. विनय म्हणजे संघाचा कायदा. आम्हा कायदेवाल्यांना अभिमान वाटावा अशी ही गोष्ट आहे.

आता आपल्या घरांविषयी. आपण सवर्णांच्या छळाविषयी बोलतो, ते बोललेच पाहिजे. परंतु बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ या १९८६ च्या पुस्तकात आपल्याच वस्तीत आपल्याच बायकांना होणारी मारहाण लिहून ठेवली, आणि ते लिखाण कित्येक वर्षे घरच्यांपासून दडवून ठेवले. दडवावे का लागले, हा प्रश्न आपण स्वतःस विचारला आहे काय? ‘घरातले बाहेर काढू नये’, ‘आधीच लोक आपल्याला नावे ठेवतात’, ही वाक्ये दीक्षा घेतलेल्या घरांतही मी ऐकतो. ज्या घरात हे वाक्य बोलले जाते तेथे पोरगी हॉकीची काठी हरवल्याचे सांगू लागते. सिगालोवाद सुत्तात आई-बापांची व मुलांची कर्तव्ये परस्परांची म्हणून सांगितली आहेत; मूल ही आई-बापाची मालमत्ता आहे, असे त्यात कोठेही नाही.

तेव्हा लक्षात ठेवा. मुलावर लैंगिक अत्याचार झाला असे कळल्यास पोलिसांना कळविणे हे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने प्रत्येकाचे कर्तव्य केले आहे. माहीत असून न कळविणारा गुन्हेगार ठरतो, मग तो मुलाचा चुलता असो की पंचमंडळींतला वडीलधारा. ज्याच्या हाती मूल सोपविलेले आहे त्याने त्याचा छळ केला, तर बाल न्याय कायद्याचे ७५ वे कलम आहे. मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे, मनाच्या आजारासाठी १४४१६ आहे. ज्याने जीव देण्याचा प्रयत्न केला तो तीव्र ताणाखाली होता असे मानून त्याची शुश्रूषा करावी, असे २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. अशा माणसाला देवऋषीकडे नेऊ नका. दीक्षेच्या दिवशी आपण ते मागे टाकले आहे.

शिनेडने २०१८ साली धर्म बदलला. पुष्कळ वर्षे वाचून, शोधून ती इस्लामकडे गेली, तेव्हाही हसणारे होते. तेही तिच्या वेडातच जमा झाले. आपल्यापैकी कित्येकांना गावात हेच ऐकावे लागले आहे की, यांची डोकी फिरली. तिचा मार्ग निराळा आणि आपला निराळा. पण तिने घेतलेले नाव पाहा: शुहदा सदाकत. ‘शुहदा’ हे ‘शहीद’ याचे अनेकवचन, आणि शहीद या शब्दाचा मूळ अरबी अर्थ साक्षीदार. ‘सदाकत’ म्हणजे सचोटी. ८ ऑगस्ट २०२३ रोजी ब्रे या गावातून तिची अंत्ययात्रा निघाली, तेव्हा हजारो आयरिश लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे होते आणि राष्ट्राध्यक्षही अंत्यविधीस आले होते.

पुस्तक मी विहाराच्या ग्रंथालयात ठेवीत आहे. इंग्रजी सोपे आहे. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींनी ते वाचून घरी मराठीत सांगावे. ज्या भगिनींना आपल्या किंवा शेजारच्या घरातील गोष्टीविषयी काही विचारावयाचे असेल, त्यांनी वंदना झाल्यावर थांबावे. बोलणे एकान्तात होईल, मध्ये कोणी येणार नाही. मुलांना बरोबर आणले तरी चालेल.

जय भीम!