दयेचे द्वार
(महोत्सवप्रसंगी बल्लारपूर येथे दिलेले भाषण)



आपले बल्लारपूर हे रेल्वेचे गाव. येथून मुंबईस गेलेल्या पुष्कळांनी मशीद नावाचे स्टेशन पाहिले असेल. ही मशीद मुसलमान बांधवांची नव्हे, तर यहुद्यांची, असे सांगतात. कोकणातील मराठी बोलणारे बेने इस्राएल आपल्या प्रार्थनामंदिरास मशीदच म्हणत. ते मंदिर बांधणारा पुरुष पूर्वी युद्धकैदी होता. त्याची हकीकत आज आपणापुढे ठेवावयाची आहे.

त्याचे नाव सामाजी हसाजी दिवेकर. कंपनी सरकारच्या फौजेत तो अंमलदार होता. १७८० ते १७८४ पर्यंत चाललेल्या म्हैसूरच्या दुसऱ्या युद्धात तो व त्याचा भाऊ टिपू सुलतानाच्या हाती सापडले. १७८४ सालीच मंगळूरकडील हजारो कॅथोलिक स्त्रीपुरुष व मुले धरून श्रीरंगपट्टणास नेली गेली. त्यांतील जे जगले, ते १७९९ साली टिपू पडल्यावर सुटले. बंदिवास म्हणजे काय, हे आपल्या धर्मबांधवांनीही भोगले आहे.

बेने इस्राएलांची परंपरा सांगते की, कैद्यांना त्यांची जात विचारण्यात आली. कोकणात शेजारीपाजारी या लोकांस शनवार तेली म्हणत, कारण ते तेल गाळीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. सामाजीने हे नाव सांगितले असते, तर त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नसते. परंतु त्याने पूर्वजांचे नाव सांगितले: आम्ही बेने इस्राएल. टिपूच्या मातोश्री फातिमा फक्रुन्निसा यांना ते नाव कुराणातून ठाऊक होते. त्या लोकांपैकी कोणी डोळ्यांनी मात्र पाहिला नव्हता. त्यांनी पुत्रापाशी रदबदली केली, आणि कैद्यांचे प्राण वाचले. प्रीती म्हटली की आपणांस घरची माणसे आठवतात. येथे ती एका परधर्मी मातेकडून आली, तीही शत्रूच्या शिपायांसाठी! मला तर या कथेतील हाच भाग सर्वांत थोर वाटतो.

सुटका झाल्यास देवाचे घर बांधीन, असा सामाजीने नवस केला होता. तो त्याने १७९६ साली मुंबईत मांडवी भागात फेडला. पुढे १८६० मध्ये मंदिर हल्लीच्या जागी आले, आणि १८९६ मध्ये त्यास ‘शार हारहामीम’, म्हणजे दयेचे द्वार, हे नाव मिळाले.

सामाजीने मात्र फारसे सुख भोगले नाही. नव्या मंदिरासाठी तोराच्या पवित्र गुंडाळ्या आणावयास तो कोचीनच्या यहुद्यांकडे गेला, आणि १७९७ साली तेथेच मरण पावला.