संकेतस्थळाचा आराखडा आणि गावांची नावे



संकेतस्थळ उभारावयाचे ठरले की बहुतेक संस्थांमध्ये प्रथम चर्चा होते ती मुखपृष्ठाच्या रंगाची आणि बोधचिन्हाच्या जागेची. ती अनावश्यक नव्हे. परंतु रंग एका दुपारी बदलता येतो. आराखड्याच्या टप्प्यावर माहितीची मांडणी चुकली, तर ती चूक प्रत्येक पानात उतरते. मराठवाड्यात ही मांडणी मुळीच सोपी नाही.

उदगीरचेच उदाहरण पाहावे. १९५६ पर्यंत हा तालुका हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होऊन उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके उस्मानाबाद जिल्ह्यास जोडण्यात आले. १६ ऑगस्ट १९८२ रोजी स्वतंत्र लातूर जिल्हा अस्तित्वात आला आणि ते लातूरचे झाले. पुढे २०२३ मध्ये उस्मानाबादचेच नाव धाराशिव झाले. नांदेडकडे किनवटची हीच कथा. तो तालुका १९५६ मध्ये आदिलाबादहून आला. गावे जागची हलली नाहीत, कागदावरचे जिल्हे तेवढे बदलले.

आता संगणकतज्ज्ञ सवयीने जिल्हा, तालुका, गाव अशी उतरंड रचतो. १९७५ च्या देणगीदार वहीत ‘उदगीर, जि. उस्मानाबाद’ असे असते आणि पुण्यात स्थायिक झालेला नातू आजोबांचे नाव लातूर जिल्ह्यात शोधतो. नाव वहीत असूनही त्याला सापडत नाही. जुन्या नोंदीत सरसकट ‘लातूर’ घालणे हा उपाय नव्हे, तो दस्तऐवजाशी केलेला खोटेपणा होय.

म्हणून आराखड्यातच प्रत्येक गावाची स्वतंत्र नोंद असावी. केंद्र शासनाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत गावांना संकेतांक दिलेले आहेत. तो संकेतांक गावाची ओळख मानावा आणि कोणत्या काळी कोणता जिल्हा होता हे त्याखाली नोंदवावे. मूळ कागदावरील मजकूर जसाच्या तसा राहील व शोध घेणाऱ्यास दोन्ही वाटांनी पोहोचता येईल. पानाच्या पत्त्यात जिल्ह्याचे नाव गुंफू नये. चांगले पत्ते बदलत नसतात, हा आग्रह महाजालाचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच धरला होता.

किल्लारीची गोष्ट याहून निराळी. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर नाव तेच राहिले, पण वसाहत नव्या जागी उभी राहिली. जुन्या छायाचित्रापुढे आजच्या गावाचा नकाशा लावल्यास पाहणाऱ्याची दिशाभूल होते. येथे एकाच नावाखाली दोन स्थाने ठेवावी लागतात.

अक्षरांचाही विचार याच वेळी व्हावा. छपाईसाठी जुन्या फॉन्टांत टंकलिखित झालेल्या स्मरणिका युनिकोडमध्ये आणल्याशिवाय शोधयंत्रास वाचता येत नाहीत. रूपांतरानंतर जोडाक्षरे आणि ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’ यांतील ऱ माणसाने डोळ्यांखालून घालावा लागतो. यंत्रावर विसंबल्यास आडनावे बिघडतात.

एवढे ठरल्यावर, एकही पान तयार होण्यापूर्वी, कागदावरील आराखडा संस्थेतील एखाद्या वयोवृद्ध सभासदापुढे ठेवावा. ‘निलंगा, जि. बीदर’ असा जुना पत्ता त्यांना देऊन नोंद कोठे सापडेल, हे बोटाने दाखवण्यास सांगावे. बोट जेथे थांबेल, तेथे आराखडा पुन्हा काढावयाचा.